"पिलेला होता काय?" : अक्कलकोट रोडवरच्या एका अपघाताचं प्रकरण

मी सोलापुरात मोटार अपघाताचे नुकसानभरपाईचे दावे चालवते. आमच्या तोंडी त्यांना 'क्लेम' म्हणतात. क्लेमची फाइल टेबलावर पडली की समोरचा माणूस, मग तो पक्षकाराचा मेव्हणा असो, कॅन्टीनचा पोऱ्या असो की माझी स्वतःची आई, पहिला प्रश्न एकच विचारतो: "ड्रायव्हर पिलेला होता काय?" हो म्हटलं की त्याचं समाधान होतं. एक दारुडा, एक बिचारा, विषय संपला. नाही म्हटलं की तो जरा हिरमुसतो, "मग कसं काय झालं?" असं विचारतो आणि उत्तर पुरतं न ऐकताच दुसऱ्या विषयावर जातो.

या प्रकरणात उत्तर 'नाही' होतं, आणि त्या एका 'नाही'मुळे बरंच काही कागदावर यायचं राहून गेलं. घरच्यांना विचारून लिहितेय. नावं, गाड्यांचे नंबर आणि नेमकी तारीख गाळली आहे, रकमा गोल केल्या आहेत.

सात ते सव्वासात

2022 चा डिसेंबर. सकाळी नुकतं फटफटलेलं. अडतीस वर्षांचा यंत्रमाग कामगार मोपेडवरून पहिल्या पाळीला निघाला होता. टॉवेलच्या कारखान्यात दोन माग त्याच्याकडं. मागे बायको, वय चौतीस, मांडीवर टोपली. टोपलीत आदल्या दिवशी वळलेल्या हजार विड्या. नवऱ्यानं तिला विडी कारखान्याच्या शाखेपाशी सोडायचं, तिनं माल द्यायचा, नवी पानं-तंबाखू-सूत घ्यायचं आणि सहा आसनी रिक्षानं घरी परतायचं, हा रोजचा क्रम. कुंभारीच्या बाजूला विडी कामगारांची घरकुलं झाल्यापासून अशा जोड्या अक्कलकोट रोडला रोज सकाळी दिसतात. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, टोपलीवर ओलं फडकं.

मागून छोटा हत्ती, म्हणजे मालाचा छोटा टेम्पो, आला. टॉवेलच्या गाठींनी भरलेला. मोपेडला मागून उजव्या अंगाला ठोकर बसली. नवरा उडून डोक्यावर पडला. बायको डावीकडं, मातीच्या साइडपट्टीवर, उजवा हात पुढं करून पडली. हेल्मेट नव्हतं. त्याबद्दल मी सारवासारव करणार नाही. एमआयडीसीत जाणाऱ्या दहांपैकी किती जणांच्या डोक्यावर ते असतं, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको.

तिथून शंभरेक पावलांवर चहाची टपरी आहे. टपरीवाला पहिला धावला. 108 ला फोन त्यानंच लावला. त्याची मी चार वेळा भेट घेतली, चारही वेळा त्यानं तेच सांगितलं, आणि साक्षीदार असा असला की वकिलाला बरं वाटतं. "वास नव्हता मॅडम. मी पोराच्या तोंडाजवळ गेलतो, मलापण तेच वाटलं होतं. झोपेतनं उठवल्यासारखा दिसायला लागलता." आणि थोडं थांबून: "ठोकायच्या आधी मान खाली होती बगा त्याची. पार खाली. मला वाटलं चक्कर आली."

चक्कर आली नव्हती. ते मला सात-आठ महिन्यांनी कळलं, कोर्टाच्या व्हरांड्यात, खुद्द ड्रायव्हरकडून.

पोरगा तेवीस वर्षांचा, अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातला. क्लेममध्ये तो माझा सामनेवाला. नियमानं मी त्याच्याशी फार बोलू नये, पण तारखा पडत जातात आणि एकाच बाकावर बसून बसून माणसं बोलायला लागतात. आदल्या दिवशी पहाटे पाचला उठला होता. दिवसभर गावातल्या खेपा. रात्री कुंभारीच्या पुढच्या एका शेडमधून माल उचलायचा होता, पण तिथं लाइट गेली, गाठी बांधायला उशीर झाला. गाडीत तासभर डोळा लागला, तेवढाच. सकाळी आठच्या आत शहरातल्या ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला माल पोचला नाही तर पुढचा ट्रक चुकणार होता.

"सेठचा फोन तीनदा आलता. दोनदा उचललो. कुठं आलास, कुठं आलास. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा स्पीडब्रेकरवर फोन डॅशबोर्डवरनं खाली पडला, गिअरपाशी. वाकून उचलाया गेलो. नसतो उचललो तर शिव्या खाल्लो असतो की."

"किती वेळ वाकला होतास?"

"दोन सेकंद असंल."

दोन नसतील. गिअरपाशी पडलेला फोन चाचपडून हातात घ्यायला, स्क्रीनवर नाव बघायला, मान वर करायला तीन सेकंद तरी लागतात. मी घरी खुर्चीवर बसून करून बघितलं, तीनच्या खाली जमलं नाही. ताशी पन्नासच्या वेगानं गाडी एका सेकंदाला जवळजवळ चौदा मीटर जाते. तीन सेकंदांत बेचाळीस. क्रिकेटची दोन पिचं एकापुढं एक ठेवली तर होईल तेवढं अंतर. तेवढं अंतर त्या गाडीला ड्रायव्हरच नव्हता.

आणि मान वर केल्यावर तरी काय? मधली तासभराची डुलकी सोडली तर तो सव्वीस तास जागा होता. 1997 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला. माणूस सतरा तास जागा राहिला की त्याचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात शंभर मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम दारू असल्यासारखा बिघडतो, आणि चोवीस तासांनी 100 मिलिग्रॅम असल्यासारखा, असं त्यात मोजून दाखवलं होतं. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मध्ये मर्यादा 30 मिलिग्रॅमची आहे. म्हणजे न पिताच हा पोरगा मर्यादेच्या तिप्पट होता. पण झोप मोजणारं नळकांडं कुठल्याच हवालदाराकडं नसतं, तोंडात फुंकायला लावायला.

कागदात काय आलं

फिर्यादीतलं वाक्य मला पाठ आहे, तुम्हालाही असेल: "आपल्या ताब्यातील वाहन रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून..." माझ्या कपाटातल्या जवळजवळ प्रत्येक फिर्यादीत हेच वाक्य आहे. दारू असो, झोप असो, फोन असो, फुटका टायर असो, सगळ्यांवर हीच एक चादर पांघरलेली.

घटनास्थळ पंचनामा मात्र मी दहादा वाचला. पंचनामा लिहिणाऱ्याला आपण काय लिहितोय हे पुष्कळदा माहीत नसतं, म्हणूनच तो खरं लिहून जातो. मोपेड कुठं पडली, काचेचे तुकडे किती अंतरावर, "विड्या व तुटलेली टोपली विखुरलेल्या स्थितीत". आणि शेवटाकडं एक ओळ: टायर घासल्याच्या खुणा दिसून येत नाहीत. बस. पुढं माणसं दिसत असताना, दिवसाउजेडी, कोरड्या डांबरी रस्त्यावर, ब्रेकच लागला नाही. सगळ्या फाइलमध्ये त्या फोनची सावली पडलीय ती एवढ्या एका ओळीत.

रक्ताचा नमुना घेतला गेला दुपारी, अपघातानंतर चार-पाच तासांनी. अहवाल आला, मद्यार्क आढळला नाही. तांत्रिकदृष्ट्या यानंही काही सिद्ध होत नाही. रक्तातली दारू तासाला शंभर मिलिलिटरमागं साधारण 15 मिलिग्रॅमनं उतरते, त्यामुळं सकाळचे 50 दुपारपर्यंत शून्य होऊ शकतात. विमा कंपनीच्या वकिलानं तेच धरून पाहिलं. त्याचं कारणही समजून घ्यायला हवं. ड्रायव्हर पिलेला ठरला तर विमा कंपनी पॉलिसीची अट मोडली म्हणते. जखमीला पैसे द्यावे लागले तरी ते गाडीमालकाकडून वसूल करायची वाट तिला मोकळी होते. 'पे अँड रिकव्हर' म्हणतात त्याला. तर विमा कंपनीला दारू हवी होती. वस्तीतल्या लोकांना दारू हवी होती, कारण त्यांना कुणाला तरी मनसोक्त शिव्या द्यायच्या होत्या. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस मलाही हवी होती.

फोन कुणालाच नको होता.

माझ्या सिनियर सरांना मी व्हरांड्यातलं बोलणं सांगितलं. म्हटलं, क्लेम जिथं चालतो त्या ट्रिब्युनलकडं अर्ज करू, कंपनीकडून कॉल डिटेल्स मागवू. मोबाइल कंपन्यांना ते दोन वर्षं जपून ठेवावे लागतात, अजून मुदत आहे. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "दोषारोपपत्र ड्रायव्हरवर आहे. निष्काळजीपणा सिद्ध आहे. फोन आणून तुझ्या पक्षकाराला एक रुपया जास्त मिळणार आहे का? उलट सहा महिने लांबेल. त्या बाईला सहा महिने परवडणार आहेत का?"

परवडणार नव्हते. मी अर्ज केला नाही. ते बरोबर होतं असं मला अजूनही वाटतं आणि ते मला अजूनही टोचतं.

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी अहवालात त्यातल्या बहुतेकांचं कारण 'अतिवेग'. मद्यपान आणि मोबाइल हे दोन रकाने मिळून जेमतेम काही टक्के. तो तक्ता मी पूर्वी निमूटपणे वाचायचे. आता वाचताना मला आमची फाइल दिसते, जिच्यातला फोन मी स्वतः बाहेर ठेवला. तो तक्ता अशाच फाइलींचा बनतो.

फौजदारी बाजू पटकन सांगते, कारण ती पटकनच संपली. तेव्हा भारतीय दंड संहिता लागू होती. कलम 279, 337, 338: बेदरकार गाडी चालवणं, त्यातून दुखापत, गंभीर दुखापत. तिन्हींतला जास्तीत जास्त दंड धरला तरी बेरीज अडीच हजारांच्या वर जात नाही. पोरानं गुन्हा कबूल केला, कोर्ट उठेपर्यंत बसून राहिला, दंड भरला. नुसता पिऊन गाडी चालवताना सापडला असता, कुणाला खरचटलं नसतं, तरी दहा हजारांपर्यंत भरावे लागले असते.

"सिस्टर, पाणी"

नवऱ्याच्या मेंदूला सूज होती. सूज वाढली तर कवटीत जागा नसते, म्हणून डॉक्टरांनी उजव्या बाजूच्या कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि पोटाच्या कातडीखाली शिवून ठेवला. तिथं तो जिवंत राहतो, नंतर परत बसवायचा. घरच्यांना हे समजावून सांगायला कुणाला वेळ मिळाला नसावा, कारण बायको मला सांगताना म्हणाली, "डोक्याचं हाड पोटात गेलतं मॅडम." तिला वाटलं होतं, ठोकर इतकी जोरात बसली.

पहिले दोन दिवस खासगी दवाखाना, त्यात तिच्या कानातलं आणि सासूच्या पाटल्या गेल्या. मग केशरी कार्डावर महात्मा फुले योजनेत. तेव्हा योजनेची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होती. ती पुरली आणि पुरली नाही. मे 2025 पासून केंद्राची अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस योजना आली आहे, सात दिवस, दीड लाखापर्यंत. या घराला ती अडीच वर्षं उशिरा आली.

अठ्ठावीस दिवसांनी त्याला घरी आणलं. नळीनं जेवण, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. उजव्या मनगटाला प्लॅस्टर असलेल्या बाईनं एका हातानं आणि कोपरानं साठ किलोचा माणूस वळवायचा. सासू पाय धरायची, मोठी मुलगी, सातवीतली, खांदा. डोक्याच्या उजव्या बाजूला खड्डा पडलेला, श्वासाबरोबर हलायचा. धाकटा बघून बघून घाबरायचा, म्हणून त्यावर कायम टॉवेल. टॉवेल त्याच्याच कारखान्यातला. दिवाळीला कामगारांना वाटतात ना, त्यातला.

माणूस हळूहळू उठला. चालू लागला. हाड परत बसलं. लोक म्हणाले, देवाची कृपा. सिद्धेश्वराला नवस होता, फेडला.

आणि मग खरी कटकट सुरू झाली. मेंदूच्या कपाळामागच्या भागाला मार बसला की हातपाय शाबूत राहतात, पण रागाला बांध घालणारी, पुढचं-मागचं जुळवणारी यंत्रणा ढिली होते. हा मुळात अबोल माणूस होता. मागाच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेली माणसं बहुधा तशीच असतात. आता धाकट्यानं पेन्सिल सोलताना आवाज केला म्हणून त्याला पट्टीनं मारलं. दुपारी जेवल्यावर "मला जेवायला दिलं नाही" म्हणून शेजाऱ्यांसमोर रडला. एकदा फिट आली, तेव्हापासून फिटच्या गोळ्या.

कारखान्यानं त्याला परत घेऊन बघितलं, हे मी मालकाच्या बाजूनं मुद्दाम नोंदवते. चार दिवस टिकला. दोन मागांवरचा कामगार डोळ्यांनी कमी, कानांनी जास्त काम करतो. एका मागाची लय बदलली की न बघताच हात तिकडं जातो. त्याचा हात जाईना. आवाज सगळा एकच गोंगाट झाला होता. चौथ्या दिवशी तो कानांवर हात ठेवून मागांच्या मधोमध खाली बसला.

बायको हे सगळं मला ऑफिसात बसून सलग सांगत नव्हती. फॉर्म भरताना, झेरॉक्सच्या दुकानात थांबलो असताना, तुकड्यातुकड्यानं निघालं. एकदा मी विचारलं, तुम्हाला तरी नीट ओळखतात ना?

"ओळखतेत. दिवसा ओळखतेत." मग जरा हसली. "रात्री मला सिस्टर म्हणतेत. दवाखान्यात हाक मारायचे की, तसं. सिस्टर, पाणी. मी देते. आता मी काय बोलू, मी सिस्टर नाही म्हणून?"

अर्जात हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला कळेना. वैवाहिक सुखाच्या हानीचा एक रकाना असतो, त्याची ठरलेली एक रक्कम असते. तिथं लिहिलं.

हिशेब

ती माझ्याकडं आली पाचव्या महिन्यात. एप्रिल 2022 पासून क्लेम दाखल करायला सहा महिन्यांची मुदत कायद्यात परत आली आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. योगायोगानं वेळेत आली.

हिशेबाची रीत ठरलेली आहे. नवऱ्याकडं पगाराची पावती नव्हती, मागावरच्या कामगाराला आठवड्याला चिठ्ठीवर पैसे मिळतात. महिना बारा हजार धरले गेले. चाळिशीच्या आतला, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के वर, हे 2017 च्या प्रणय सेठी निकालानं ठरलं. वय 38, म्हणून गुणक, म्हणजे वर्षाची कमाई किती पट धरायची तो आकडा, 15, हे 2009 च्या सरला वर्मा निकालातलं. 16,800 गुणिले 12 गुणिले 15, म्हणजे 30,24,000. मग प्रश्न, त्याची कमाईची ताकद किती टक्के गेली? दाखल्यावर अपंगत्व कमी होतं, कारण हातपाय हलतात. इथं 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल कामी आला: दाखल्यावरचा टक्का आणि कमाई गेल्याचा टक्का एक नव्हे, माणूस करायचा काय ते बघा. मी मागाची लय, कान, दोन माग, सगळं समजावून सांगितलं. साठ टक्के मान्य झाले. अठरा लाख चौदा हजार. शिवाय उपचार, प्रवास, वेदना.

देखभालीच्या खर्चावर विमा कंपनीच्या वकिलानं हरकत घेतली. "घरचीच बाई बघते. तिला कोण पगार देतं?" हा युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकलाय की राग यायचाही बंद झालाय. फेब्रुवारी 2020 च्या काजल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं देखभालीचा खर्च गुणक लावून दिलाय, तो निकाल पुढं केला. काही रक्कम मिळाली.

हरले ते बायकोच्या दाव्यात.

तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये नीट जुळलं नाही. जुळणार कसं, त्याच हातानं नवऱ्याला वळवत होती. दाखल्यावर अपंगत्व बारा टक्के. बारा टक्के म्हणजे काय, ते तिनं मला एकदा घरी करून दाखवलं. मांडीवर सूप, भिजवून कापलेलं पान डाव्या हातात, त्यावर चिमूटभर तंबाखू पसरायची, मग दोन्ही हातांच्या बोटांनी पान गुंडाळायचं. गुंडाळताना उजवं मनगट आत वळावं लागतं. ते अर्ध्यावर अडतं. मग ती कोपर बाहेर काढून, खांदा उचलून ते वळण पुरं करते. सूत बांधून, नखानं तोंड मुडपून विडी होते, पण सैल. सैल विडी शाखेत 'छाट' म्हणून बाजूला काढतात. पूर्वी दिवसाला हजार करायची. आता मरमर करून चारशे, त्यातही छाट वेगळी.

हजारावरून चारशे! राजकुमार निकाल यासाठीच तर आहे, मी खूश होते. उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलानं तिचंच विडीचं कार्ड तिच्या हातात दिलं.

"हे तुमचं कार्ड?"

"हो."

"अपघातानंतर तीन महिने कोरे. मग चारशे, साडेचारशे. आणि पुढच्या जूनपासून?"

ती गप्प.

"वाचा."

"हजार."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे हात बरा झालाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी खाली फाइलकडं बघितलं. मला माहीत होतं. मी त्या घरी गेले होते तेव्हा दोन सुपं बघितली होती, एक आईच्या मांडीवर, एक शाळेचा युनिफॉर्म न बदललेल्या मुलीच्या. तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तेरा वर्षांच्या पोरीकडून विड्या वळून घेणं बेकायदा आहे, घरात बसून असलं तरी. खरं सांगितलं तर आईवर बालंट, कार्ड जायची भीती. नाही सांगितलं तर हात बरा. मी फेरतपासणी घेतली नाही, म्हणजे तिला परत प्रश्न विचारून खुलासा करवून घेतला नाही. समोर जे आलं त्यावर निकाल झाला, त्यात निकाल देणाऱ्याचा दोष काही नाही. तिच्या वाट्याला तीन महिन्यांची बुडालेली मजुरी, उपचार आणि वेदनांची रक्कम आली.

फोन करणारा

गाडीमालक सेठ खलनायक नव्हता, आणि हे लिहिताना मला अडचणच होते. पहिल्या आठवड्यात स्वतः येऊन वीस हजार देऊन गेला होता. साक्षीला आला तेव्हा बाहेर मला म्हणाला, "मी फक्त कुठं आलास एवढंच विचारत होतो मॅडम. त्याच्यात काय गुन्हा आहे?" गुन्हा काहीच नाही. फोन उचलणाऱ्यासाठी कलम 184 आहे, हातात फोन धरून गाडी चालवली तर. फोन लावणाऱ्यासाठी काही नाही. मग त्यानं एक मुद्दा मांडला, तो मला आवडला: "मागावरचा माणूस गप्पा मारत दोन-दोन माग चालवतो. ड्रायव्हरला एक फोन घेता येत नाही होय?"

मी म्हटलं, सेठ, बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत तुटलं की माग आपसूक थांबतो. छोटा हत्ती थांबतो का?

तो विचारात पडला. खरंच पडला, कारण पुढच्या तारखेला भेटल्यावर त्यानं अभिमानानं सांगितलं की सगळ्या ड्रायव्हरांना कानातले ब्लूटूथ घेऊन दिलेत, आता हात मोकळे. 1997 मध्येच टोरांटोच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की गाडी चालवताना फोनवर बोलणाऱ्याला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोननं तो कमी झालेला दिसत नाही. अडकलेलं असतं ते डोकं, हात नव्हे. हे मी त्याला सांगितलं. म्हणाला, "मग माल कुठं आलाय ते कळणार कसं?"

ड्रायव्हर पोरगा आता गावाकडं आहे. नोकरी तेव्हाच सुटली. मागच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर होता. शेवटच्या तारखेला भेटला तेव्हा मी विचारलं, रात्रीच्या खेपा असतात का? "रात्रीच्याच असतेत." झोप? खांदे उडवले. फोन येतात का?

"सेठचे नाही येत आता," म्हणाला. "मुकादमाचे येतेत."

जाताना त्यानं मला त्या माणसाबद्दल विचारलं, दर वेळी विचारतो. चालतात का, बोलतात का. मी म्हटलं, चालतात, बोलतात. त्याला बरं वाटलं. पुढचं मी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर

निकाल 2025 मध्ये लागला. रकमेचा मोठा भाग बँकेत मुदत ठेव म्हणून, व्याज महिन्याला. ठेवीच्या कागदांवर सह्या घ्यायला मी दिवाळीनंतर घरकुलात गेले. संध्याकाळची वेळ. मुलगी आता दहावीत. धाकटा पायरीवर बसून अभ्यास करत होता, आत आवाज नको म्हणून.

आईनं नवऱ्याला एक काम लावून दिलंय. वळून झालेल्या विड्या पंचवीस-पंचवीस मोजून बंडल लावायचे. तो मन लावून करत होता, ओठ हलवत, तेलुगूत आकडे म्हणत. मध्येच धाकट्याला खोकला आला, तो थांबला, पुन्हा कुठून तरी सुरुवात केली. मला बघून ओळखीचं हसला, "मॅडम, चहा," असंही म्हणाला. सह्यांपर्यंत ठीक होता, मग दमला आणि भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

मुलीनं मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं. बापानं लावलेले बंडल जवळ ओढले आणि एकेक सोडून परत मोजायला लागली. एकात सव्वीस निघाल्या. एकात एकवीस. एकातली काढून दुसऱ्यात घालताना पानांचा आवाज होऊ नये म्हणून ती विडी दोन बोटांत धरून अगदी सावकाश सरकवत होती, कारण तो आडवा झाला होता, झोपला नव्हता. आईनं वहीत हजार लिहिले.